वरचा डोळा

मोंतेविदेओ, ३ जून २०१९

डॉक्टर मिल्टन गारिबोत्तो यांस,

तुमचं पत्र पोचलं. ब्वेनोस आयरेसहून बोट इथे अडीच तासांत येते. तुमच्या पत्राला बावीस वर्षं लागली. वाटेत काही अडचण आली असेल असं समजते.

गुडघा कसा आहे, मांजर आहे का, अजून एकट्याच राहता का, अशी तीन परिच्छेद चौकशी केली आहे तुम्ही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय गेली नाही. भांडं चौथ्या परिच्छेदात सापडलं: नऊ नंबरची वही. तर गुडघा दुखतो, मांजर दोन हजार चार साली मेलं, एकटीच राहते, आणि वही मिळणार नाही.

वही माझ्याकडे असणार हा तुमचा तर्क बरोबर आहे. मी निवृत्त झाले त्या आठवड्यात संस्थेने जुने कागद अंगणात काढून ठेवले होते, भर पावसात. मी बाजाराच्या ढकलगाडीतून चौदा वह्या घरी आणल्या. दारावरच्या माणसाने अदबीने विचारलं, "दोन्या एल्दा, बटाटे का?" मी म्हटलं, हो. बाकी कोणाला त्यांची आठवणही झाली नाही.

तुम्ही लिहिता की परदेशातल्या एका प्रयोगशाळेला 'आपला' प्रयोग जमत नाही, मासिकाने खुलासा मागितला आहे, म्हणून 'आपल्या' मूळ नोंदी हव्यात. हा 'आपला' वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सत्त्याण्णवच्या लेखावर चार नावं आहेत. पहिलं तुमचं. दुसरं संचालकांचं, जे प्रयोगशाळेत फक्त वाढदिवसाचा केक कापायला यायचे. उरलेली दोन आकडेमोड करणाऱ्यांची. अकरा दिवसांत एकशे चाळीस कोंबडीच्या गर्भांचे डोळे काढून तुमच्या पुढ्यात ठेवले ते मी. माझं नाव वर नाही, खाली नाही, आभारातसुद्धा नाही. आभारात कानेलोनेसचे अंडीवाले एउसेबियो आहेत, 'उत्तम अंडी वेळेवर पुरवल्याबद्दल'. ती ओळ मला पाठ आहे.

परवा शेजारणीच्या नातीने तुमचं एक भाषण संगणकावर लावून दिलं. पोट सुटलंय तुमचं. तुम्ही म्हणालात, "वाढणारा मज्जातंतू आंधळा असतो. त्याच्या टोकाला इवलासा पंजा असतो, त्याने तो चाचपडत जातो. वाटेतली काही प्रथिनं त्याला 'ये' म्हणतात, काही 'चालता हो' म्हणतात. आणि 'चालता हो' म्हणणारं कोणी भेटलं नाही, तर तो कधीच घरी पोचत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे वाक्य माझं आहे. तुम्ही नवीन आला होतात, सूक्ष्मदर्शकातून पाहून विचारलंत, "हे धागे इतके भित्रे का?" तेव्हा मी ते बोलले होते, तोंडात बिस्किट असताना. 'चालता हो' म्हणणाऱ्या तुमच्या त्या प्रथिनाचं 'दरवानीण' हे नावही मीच ठेवलं, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या दरवानिणीवरून. भाषणात तुम्ही म्हणालात, हे नाव तुम्हाला बोटीवर सुचलं.

तुम्हाला बोटीवर उलट्या होतात, डॉक्टर. नावं सुचत नाहीत.

एल्दा इरुरेता
निवृत्त तंत्रसहायक

---

मोंतेविदेओ, १६ जून २०१९

डॉक्टर,

स्वतः यायची हिंमत झाली नाही म्हणून तुम्ही पोरीला पाठवलंत.

तुमची विद्यार्थिनी रोमिना सिल्वेरा काल दुपारी आली. आर्तिगासची, सीमेकडची, बोलताना शब्द लांबवते. आल्या आल्या म्हणाली, "मला डॉक्टरांनी पाठवलंय वही मागायला, पण मी मागणार नाहीये. मला लाज वाटते." मी तिला आत घेतलं. पाणी तापवलं, माते भरला, आपला तो कडू पाल्याचा चहा. तिसऱ्या फेरीला पोरगी रडायला लागली.

तुमच्या त्या जुन्या प्रयोगशाळेत, आमच्या जुन्या टेबलावर, ती दोन वर्षं तुमचाच प्रयोग करते आहे. तुम्ही महिन्यातून एकदा बोटीने येता, टेबलाशी उभे राहता, उंटावरून शेळ्या हाकता आणि संध्याकाळच्या बोटीने परत जाता. तुमच्या लेखात लिहिलंय की दरवानीण डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातून निघालेल्या धाग्यांना हुसकावते आणि कानशिलाकडच्या धाग्यांना सोडून देते. सगळ्या जगात माहीत असलेलं जुनं प्रथिन नेमकं उलट करतं, म्हणून तर तुमची दरवानीण नवी ठरली, म्हणून तर तुम्ही मोठे झालात. आणि या पोरीच्या ताटलीत काय होतं? कानशिलाकडचे धागे माघार घेतात, नाकाकडचे ताटलीत लावलेल्या प्रथिनाच्या पट्ट्यावरून बिनदिक्कत चालत जातात. दर वेळी. त्या परदेशी लोकांच्या ताटलीतही तसंच.

आणि तुम्ही तिला काय म्हणालात? तिने मला शब्दशः सांगितलं. "पोरी, तुला डावं-उजवं कळत नाही. तू दोन्ही बाजू उलट्या लावतेस. तुझ्या हातात दोष आहे." असं तिच्या मार्गदर्शन समितीलाही तुम्ही लिहून दिलंत. एकतीस जुलैला समिती बसेल आणि तिची शिष्यवृत्ती बंद करेल. तिच्या आधीचा तो मुलगाही असाच गेला म्हणे, आता विमा विकतो.

मिल्टन, मी तिच्या हाताची परीक्षा घेतली. आठवते का ती परीक्षा? नवीन आलेल्या प्रत्येकाला मी द्यायचे. एक द्राक्ष, दोन चिमटे, साल काढायचं, गर फुटता कामा नये. तू चार द्राक्षं फोडलीस आणि नंतर ती खाल्लीस. रोमिनाने स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली, डोळे रडून सुजलेले असताना, तीन द्राक्षं सोलली. तिन्ही अखंड. मी ती बशीत ठेवून कितीतरी वेळ बघत बसले.

त्या हातात दोष नाही. तीस वर्षं मी लोकांचे हातच बघत आले, चेहरे नंतर. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्याबद्दल म्हणायची सोय नाही. मग दोष कुठे असेल, याचा तूच विचार कर. तुला जमेल. शास्त्रज्ञ आहेस.

बघ, रागात अहो-जाहो सुटलं. आता पुन्हा लावत नाही.

एल्दा

---

मोंतेविदेओ, २९ जून २०१९

मिल्टन,

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. वही संस्थेची मालमत्ता आहे म्हणे. संस्थेने ती पावसात टाकली होती, हे वकिलाला सांगितलंस का? कागदाची मागची बाजू कोरी आहे, वाण्याची यादी करायला बरी पडेल.

सोबतचं तुझं पत्रही वाचलं. मी कडवट म्हातारी आहे, मला कोणाचं चांगलं बघवत नाही, तंत्रसहायकाचं नाव लेखावर न घालणं ही तेव्हाची रीतच होती. रीत होती, खरं आहे. पण तू माझ्या घरी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला न्योकी, ते बटाट्याचे उकडलेले गोळे, खायला यायचास, तीन वर्षं, एक महिना चुकला नाही. बटाटे तू कुस्करायचास. लेख छापून आला त्या महिन्यातही मी पाणी उकळत ठेवलं होतं. तू नदीपलीकडे निघून गेला होतास, मला कळलं ते संस्थेच्या टेलिफोनवालीकडून. नावाचं मी गिळलं असतं. ते उकळतं पाणी नाही गिळलं गेलं.

आता ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दोन हजार एक साली, तू पलीकडून पाठवलेल्या प्रथिनाच्या तीन गोठवलेल्या कुप्या अजून शीतकपाटात होत्या. प्रयोगशाळेत सुट्टीमुळे कोणी नव्हतं. मी तुझा प्रयोग करून पाहिला. डोळेही मीच काढले, डोळ्याच्या पडद्याच्या पट्ट्याही मीच कापल्या. चार वेळा. चारही वेळा कानशिलाकडचे धागे वळले, नाकाकडचे सरळ गेले. तुझ्या लेखाच्या अगदी उलट. म्हणजे तुझी दरवानीण नवी-बिवी काही नाही. ते जुनंच प्रथिन, जे दुसऱ्यांनी आधीच शोधलं होतं. फक्त तुझ्या हातून डोळ्याच्या दोन बाजूंची अदलाबदल झाली होती.

कशी, तेही मला त्याच दिवशी कळलं. तू डावखुरा. डोळ्याला खालच्या बाजूला जी फट असते, ती आपल्याकडे करून पट्ट्या कापायच्या, हा नियम. तू डाव्या हाताला सोयीचं पडावं म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायचास आणि ताटली फिरवून घ्यायचास. मी शंभरदा म्हटलं, "मिल्टन, ताटली फिरवू नकोस." तू म्हणायचास, "दोन्या एल्दा, मला डोळे आहेत." डोळे होते. डावं-उजवं नव्हतं.

हे कळल्यावर मी काय केलं असेल? काही नाही. ताटल्या धुतल्या, दिवा मालवला, घरी आले. मला फार आनंद झाला होता, हे कबूल करते. त्या रात्री मी बाटली उघडली. अठरा वर्षं तुझी बक्षिसं वर्तमानपत्रात वाचली आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, चढ बाळा, आणखी एक पायरी चढ, खाली काय आहे ते मला ठाऊक आहे. तुला 'चालता हो' म्हणणारं कोणी भेटलं नाही, आणि मी म्हटलं नाही, मुद्दाम.

त्या मजेची किंमत रोमिनाच्या गळ्यात पडली आहे. आणि त्या विमावाल्याच्या. हे मला परवापर्यंत दिसलं नव्हतं, किंवा मी बघितलं नव्हतं.

म्हणून मी वही देणार आहे, पण तुला नाही. एकतीस जुलैच्या समितीला. तुझा डावा हात त्यात पानोपानी असेल. वीस वर्षांत मी ती उघडलेली नाही, गरज नव्हती, मला सगळं आठवतं. आता रोमिनाबरोबर बसून खुणा करून ठेवणार आहे.

चोराच्या उलट्या बोंबा पुरे झाल्या. वकिलाला कळव.

एल्दा

---

मोंतेविदेओ, १६ जुलै २०१९

मिल्टन,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन चुलीत गेली. कोणाच्या बाजूने लिहावं ते ठरत नव्हतं.

रोमिना आणि मी शनिवारी वही उघडली. ऑगस्ट शहाण्णव. माझं अक्षर तेव्हा सुंदर होतं. तारीख, अंडी किती, गर्भ किती दिवसांचा, डोळे किती निघाले, किती फाटले. तुझ्या खुणा शेजारी, लाल पेन्सिलने. मी तुझी चूक शोधत होते. प्रत्येक पट्टीशेजारी तू फटीची दिशा बाणाने काढून ठेवली आहेस, एकशे चाळीस वेळा, आणि प्रत्येक बाण बरोबर आहे. ताटली तू फिरवत होतास आणि बाणही फिरवत होतास. मी उलटसुलट करून तपासलं. रोमिनाने तपासलं. तुझा डावा हात चुकलेला नाही.

मी म्हटलं, "असं होणार नाही. पुन्हा बघ."

रोमिना म्हणाली, "दोन्या एल्दा, हे काय आहे?" आणि तिने बोट ठेवलं.

पाच ऑगस्टची, पहिल्याच दिवसाची नोंद. माझ्या अक्षरात. 'जाळीच्या चमच्याचा दांडा मोडला. नवा येईपर्यंत चहाच्या गाळणीने काम भागवलं. गर्भ छान सुटतो. मि. खूश.'

तुला आठवत असेल. तू खरंच खूश होतास. नवा चमचा यायला दोन आठवडे लागणार होते, तुझं वितळवलेलं प्रथिन तोवर टिकलं नसतं. मी कँटीनमधून गाळणी आणली, उकळली आणि कामाला लावली. तू माझ्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलंस आणि म्हणालास, "या गाळणीचा पुतळा उभारू."

रोमिनाने विचारलं, "गाळणीने कसं काढायचात?"

मी म्हटलं, "कसं म्हणजे? अंड्यात गाळणी घालायची, गर्भ अलगद उचलायचा, ताटलीवर न्यायचा."

"आणि मग?"

"मग उलटी करायची आणि टिचकी मारायची. गाळणी खोल असते, त्यातून गर्भ सरकत नाही."

रोमिनाने कपाटातून माझी घरची, तसलीच गाळणी घेतली, बशीतलं एक बिस्किट तिच्यात ठेवलं, नक्षीची बाजू वर, आणि ती गाळणी टेबलावर उलटी केली. बिस्किट पडलं. नक्षी खाली गेली होती.

तुला यापुढे सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण हे माझ्या हाताने लिहिलं जायला हवं. कोंबडीचा गर्भ अंड्यात डाव्या कुशीवर पडलेला असतो. उजवा डोळा वर. चमच्यातून तो जसाच्या तसा ताटलीत सरकतो, म्हणून आमच्याकडे नियम एकच: वरचा डोळा घ्या. वरचा म्हणजे उजवा. मी तो नियम इतक्या जणांना शिकवला की पुढे पुढे उजवा हा शब्दच वापरायची नाही. वरचा, वरचा. गाळणी उलटी केली की गर्भ उजव्या कुशीवर पडतो आणि वर येतो तो डावा डोळा. डाव्या डोळ्यात नाक आणि कानशील यांच्या जागा उलट असतात. मी अकरा दिवस तुला डावे डोळे दिले आणि सांगितलं, हे उजवे. तू माझ्यावर विश्वास ठेवून नाकाकडची बाजू म्हणून कानशिलाकडची कापलीस. चोच रोज उलट्या दिशेला होती, मिल्टन. माझ्या नाकासमोर. हात चालत होते, म्हणून मी बघितलंच नाही.

आणि दोन हजार एकमध्ये मी प्रयोग केला तो नव्या चमच्याने, तो अर्थात बरोबर आला. मी त्यावरून तुला अठरा वर्षं फासावर चढवून ठेवलं. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढायचा माझा धंदाच होता.

रोमिनाने पाणी पुन्हा तापवलं. ती म्हणाली, "कोणाला सांगायलाच हवं असं नाही. समितीला सांगू, की दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली, कशी ते माहीत नाही." आर्तिगासची पोरगी, स्वतःची शिष्यवृत्ती पणाला लागलेली, आणि मला वाचवत होती. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, "मला दया दाखवायची नाही. उद्या अंडी आण."

अंडी सहा दिवसांची आधीच होती तिच्याकडे. रविवारी सकाळी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. निम्मी चमच्याने, निम्मी माझ्या गाळणीने. डोळे मी काढले. माझा हात थरथरतो आता, पण डोळा काढताना नाही. आज दुपारी ताटल्या पाहिल्या. चमच्याच्या ताटलीत कानशिलाकडचे धागे पट्ट्याशी आले, पंजा मिटला, मागे फिरले. गाळणीच्या ताटलीत नेमके 'नाकाकडचे' म्हणून लावलेले मागे फिरले. तुझ्या लेखातल्या चित्र क्रमांक तीनसारखे हुबेहूब. फार सुंदर दिसत होते.

तुला हसायचं असेल तर हस. मी इथून ऐकेन.

पण एक विचारते. तिकडे गेल्यावर तू स्वतः हा प्रयोग एकदाही का केला नाहीस? जिंकलेली पानं कोणी पुन्हा पिसत नाही, म्हणूनच ना? तू एकदा जरी हाताने केला असतास, तर आठवड्यात कळलं असतं. तू मात्र मुलांना करायला लावलास आणि ती हरली की त्यांचे हात वाईट ठरवलेस. माझी चूक अकरा दिवसांची. तुझी बावीस वर्षांची. माझी गप्प बसण्याची अठरा. बेरीज कर.

एल्दा

---

मोंतेविदेओ, २९ जुलै २०१९

मिल्टन,

तुझा फोन मी घेतला नाही, कारण मला माहीत होतं तू काय म्हणणार. शेजारणीने घेतला आणि तिने निरोप दिला तो असा: "ते म्हणतात, तुम्ही म्हाताऱ्या आहात, तुम्हाला या सगळ्यात ओढायचं नाही. ते मासिकाला लिहितील की नोंदी हरवल्या. पोरीला आणखी एक वर्ष देतील. वही जाळून टाका आणि शांत राहा." शेजारणीला वाटलं तू किती भला माणूस आहेस.

तू मला वाचवतो आहेस असं तुला वाटतं. नाही. तू पुन्हा एकदा माझं नाव गाळतो आहेस.

वही आज सकाळी समितीच्या कार्यालयात दिली. हातोहात, शिक्का मारून घेतला. सोबत माझं चार पानांचं निवेदन, गाळणी एका पाकिटात, आणि रोमिनाच्या दोन्ही ताटल्यांची छायाचित्रं. समितीच्या अध्यक्षबाईंनी गाळणी बाहेर काढून उजेडात धरली आणि विचारलं, "हिच्यामुळे?" मी म्हटलं, "हिच्यामुळे नाही, माझ्यामुळे. ही चहा चांगला गाळते." त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, रोमिनाच्या हाताबद्दलची तुझी तक्रार परवाच्या बैठकीत काढून टाकतील, शिष्यवृत्ती चालू राहील. आता तिला मार्गदर्शक दुसरा मिळेल. हे शेवटचं तिने मागितलं, मी नाही. मी फक्त मान हलवली, जोरात.

मासिकासाठीही निवेदनाची एक प्रत मी टपालात टाकली. तेव्हा नोंदी हरवल्याचं लिहू नकोस, तोंडघशी पडशील.

आज एकोणतीस. रोमिना न्योकी खायला येणार आहे. बटाटे मी एकटीच कुस्करते आहे आणि मध्येच हात पुसून हे लिहिते आहे. बरं वाटत नाहीये मला. अठरा वर्षं तुझ्या डाव्या हाताचा तिरस्कार करून मी जगले, सकाळी उठायला तो उपयोगी पडायचा. तो हात निर्दोष निघाला. तुझ्याबद्दल मला काही बरं वाटू लागलंय असं समजू नकोस. तू पळून गेलास, नाव खाल्लंस, वाक्य चोरलंस आणि दोन मुलांना रडवलंस, त्यातलं काही बदललेलं नाही. पण डाव्या हाताचं मी खोटं बोलले, स्वतःशी आणि रोमिनाशी, आणि ते मी परत घेते. माफी म्हणून घेऊ नकोस. चूक सुधारते, एवढंच.

आता शेवटचं, आणि याबद्दल मी वाटाघाटी करणार नाही.

लेख मागे घेतल्याची सूचना तुला छापावी लागेल. मासिक विचारेल, खाली सही कोणाची. त्या चौघांपैकी संचालक वारले, आकडेवाल्यांना काही माहीत नाही. खाली दोन नावं येतील. एल्दा इरुरेता आणि मिल्टन गारिबोत्तो. याच क्रमाने. डोळे मी काढले होते, तेव्हा माझं आधी.

आणि या वेळी आभारात एउसेबियोंना ओढू नकोस. त्यांची अंडी चांगली होती.

एल्दा इरुरेता